पऱ्हाटीची लाईन

माझा धाकटा दीर देवमन माणसं पायांवरून ओळखायचा. तोंडाशी त्याचं काही काम नसे. वाटेनं समोरून रंगूबाई आली की हा खाली पाहूनच म्हणे, "रंगूमाय, डाव्या टाचेची भेग वाढली तुमची. एरंडीचं तेल लावत जा."

रंगूबाई म्हातारी मोठी तोंडाळ. "अरे, वर पाह्य तं जरासा! मी जिती हावो का मेली, थे तरी दिसन तुले."

"चालून राह्यल्या म्हणजे जित्याच असान," असं म्हणून हा पुढं.

त्याचाही काही दोष नव्हता. देवमन रेल्वेत चाबीवाला होता. मूर्तिजापूरहून कारंज्याकडे जाणारी आमची लहान गाडी, तिची लाईन आमच्या चिंचखेडच्या शिवारातून जाते. त्या लाईनचा चार मैलांचा तुकडा देवमनकडे. रोज सकाळी खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, कमरेला पाना, काखेत लाल-हिरवी झेंडी घेऊन निघायचं, आणि एकेका सिलपाटावर पाय देत चार मैल जायचं. सिलपाट म्हणजे रुळाखालचे आडवे लाकडी ठोकळे. रूळ धरून ठेवणारी लोखंडी चाबी कुठं ढिली झाली असेल तर ठोकून बसवायची. अठराव्या वर्षी लागला. वीस वर्षं मान खाली. घरी आला तरी मान खालीच. जेवताना ताटात पाही तेव्हा मला वाटायचं, भाकर ढिली झाली का पाहून राह्यला हा माणूस.

त्याची बायको वच्छला मला सांगायची, "वैनी, मले पाह्याले आले तवा यायनं माहे पायच पाह्यले. मंग बापाले म्हणते कसे, पोरगी सरळ चालते, मले पसंत हाय."

"मंग, खोटं होतं का?" देवमन म्हणे.

"तसं नाई. पण नाक-डोये काहीच नोतं का मले?"

त्याला बोलणं येतच नव्हतं फारसं. लाईनवर कोणाशी बोलणार? चार मैलांत होले आणि सरडे.

तर गोष्ट सत्याहत्तर सालची. माझी अंजना त्या साली सातवी पास झाली. गावच्या शाळेत पहिली आली. पुढची शाळा कारंज्याला. कारंजं गाडीनं पाऊण तासाचं, पण आमच्या गावाला स्टेशन नव्हतं. गाडी धरायची तर दोन कोस मागं चालत जावं लागे. गावातले बापे काही जात नसत. चिंचेच्या झाडाजवळ लाईनला चढ होता. तिथं इंजिन असं धापा टाकी की गाडी पायी चालणाऱ्या माणसाच्या मागं पडे. मग बापे बाजूनं चार पावलं धावून दांडी धरत आणि वर चढत. गार्डही ओळखीचा. तो खिडकीतून हात देऊन पिशव्या आत घेई. आम्हा बायकांना मात्र नऊवारीत ते कसं जमणार? आणि तेरा वर्षांच्या पोरीनं दप्तर घेऊन रोज चालत्या गाडीवर उडी मारायची?

अंजनाचे वडील म्हणाले, "पोट्टीची तंगडी तुटली म्हणजे काय करू? ठेसनावर नेऊन सोडाले मले रोज जमन का? डवरे सुरू झाले की मी वावरातून हालू शकत नाई. गाडीचा थांबा नाई झाला तं शाळा राह्यली. धनजवाले मामा स्थळाचं बोलून राह्यले, थे पाहू."

धनजचे मामा म्हणजे माझाच भाऊ. त्याला काय म्हणणार? पण मला सासऱ्यांचं सांगणं आठवलं. छप्पन साली माझे सासरे नागपूरला जाऊन आले होते. आल्यावर दोन्ही पोरांना समोर बसवून म्हणाले होते, तुमची शाळेची वेळ निघून गेली, पण तुमच्या लेकरायची जाऊ देऊ नका. मी तेव्हा नवी नवरी, दाराआडून ऐकलं होतं. देवमन खाली मान घालून बसला होता. तेव्हापासूनच त्याची मान खाली असावी, असं मी गमतीनं म्हणते.

थांब्यासाठी गावानं दोन वर्षांपूर्वी अर्ज केलेला होता. त्याचं उत्तर त्याच उन्हाळ्यात आलं. पारावर सगळे जमले आणि सरपंच मारोतरावांनी कागद अंजनाच्याच हातात दिला, कारण तिचं वाचणं खणखणीत. तिनं वाचलं, "सदर ठिकाणी चढण असल्याने गाडी थांबविल्यास पुनश्च चालू करणे अडचणीचे आहे. सबब विनंती मान्य करता येत नाही."

वाचून झाल्यावर ती तो कागद घडी घालत बसली. एक घडी, दोन घडी, चार घडी. बोटाएवढा झाला तरी थांबेना.

लोक रेल्वेला शिव्या देऊ लागले. तेवढ्यात देवमन मागून म्हणाला, "बराबर लिहिलं त्यायनं."

सगळे वळले. हा जमिनीकडे पाहून बोलत होता. "चिंचेजवळ गाडी उभी केली तं थे वापस घसरन. इंजिनात दम नाई तेवढा."

"काय गा देवमन," मारोतराव म्हणाले, "तू गावाचा हायेस का रेलचा?"

"चिंचेजवळ चढ हाय. पण तथून एकशेचाळीस सिलपाट पुढं, मोरीच्या पलीकडं, लाईन सपाट हाय. तीन डब्याची गाडी मावते. तथी उभी राह्यते."

"कोण म्हणते सपाट हाय?"

"माहे पाय म्हणते."

लोक हसले. पण मी नाही हसले. वीस वर्षं जो माणूस रोज त्या लाकडावर पाय देतो, त्याच्या पायाला कळणार नाही तर कोणाला?

घरी आल्यावर मी म्हटलं, "भाऊजी, हे साहेबाले काहून नाई सांगत?"

तो म्हणाला, "मी?" जणू मी त्याला विमान उडवायला सांगत होते.

ग्यांगचा मुकादम दौलतसिंग म्हणजे देवमनचा वरचा माणूस. तो आमच्याकडे पाणी प्यायला थांबायचा. तो म्हणाला, "भागिरथाबाई, साहेब पावसाच्या आंदी ट्रॉलीवर लाईन पाह्याले येते. औजाराच्या खोलीपाशी पाणी प्याले अर्धा घंटा थांबते. पण हा समोर गेला का याची जीभ पोटात जाते. मांगल्या खेपीले साहेबानं इचारलं, नाव काय? तं हा म्हणते, चार मैल."

आम्ही सगळे हसलो, देवमनसुद्धा. पण दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आला आणि अंजनाला म्हणाला, "अंजी, पऱ्हाटीच्या काड्या तोडून दे मले. बोटभर लांब. सारख्या."

"किती काका?"

"सहाशे बावीस."

साहेब यायला वीस-बावीस दिवस होते. लाईनच्या कडेला औजारांची खोली, तिच्यासमोर लिंबाच्या सावलीत झाडून काढलेली जागा. तिथं देवमननं लाईन करायला घेतली. चढाच्या पायथ्यापासून मोरीच्या पुढच्या वळणापर्यंत जेवढे सिलपाट खरे, तेवढ्याच काड्या. एकाला एक. मधे करंगळी मावेल एवढी जागा. सगळी मिळून बावीस-तेवीस हात लांब झाली. कापूस वेचून झाल्यावर आमच्याकडे पऱ्हाटीचे, म्हणजे वाळल्या कपाशीचे, ढीग पडलेले असतात, चुलीत घालतो आम्ही. त्यातल्याच ह्या काड्या. अंजना विळ्यानं तोडायची, आणि एखादी वाकडी निघाली की देवमन बाजूला ठेवायचा.

"वाकडी चालते ना काका, कोण पाह्यते?"

"ठेव. तीनशेसातवा वाकडाच हाय. तथी लावू."

रुळांसाठी त्यानं गावातल्या मोडक्या छत्र्या गोळा केल्या. पाच छत्र्यांच्या काड्या गेल्या. रंगूबाईची छत्री तशी मोडकी नव्हती, पण ती म्हणाली, ने, यंदा मी कुठं चालली. खाली काळी माती, वर मुरमाचे बारके खडे गिट्टी म्हणून. नाल्यावरची मोरी, म्हणजे रुळाखालचा लहान पूल, तिला फुटक्या मडक्याचा काठ. मैलाच्या दगडाला खडूचा तुकडा. चिंचही केली, पण बुंधाच. वर फांद्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाला, "वर कसं हाय थे म्या पाह्यलं नाई."

सगळ्यात अवघड होता डबा. रामकिसन सुतार तान्ह्या पोळ्यासाठी पोरांना लाकडी बैल करून द्यायचा, चाकांवरचे. त्याच्याकडून देवमननं चार चाकं आणली. रुळावरून घसरू नयेत म्हणून तेलाच्या डब्याचा पत्रा गोल कापून चाकांच्या आतल्या अंगाला ठोकला. वर एक खोकं. डबा झाला रुळांच्या मानानं हत्तीएवढा. रामकिसन म्हणाला, "देवमन, ह्या गाडीले बैलच जुंपायचा राह्यला पाह्य."

चढ कसा मोजला ते मी स्वतः पाहिलं. सुट्टीच्या दिवशी पाण्यानं काठोकाठ भरलेली पितळी वाटी घेऊन गेला. मोजून दर वीस सिलपाटांवर रुळावर वाटी ठेवायची आणि पाणी कोणत्या काठानं सांडतं, किती सांडतं, ते पाहायचं. वच्छला मागून कळशी घेऊन. जाणारे-येणारे विचारत, काय चाललं? ती म्हणे, "रेलले पाणी पाजून राह्यलो."

मातीची लाईन तयार झाली आणि डबा चिंचेजवळ ठेवला. हालेना. लाकडी चाकं, जड. देवमन दोन दिवस जेवताना बोलला नाही, म्हणजे नेहमीपेक्षाही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं सगळा चढ दुप्पट केला. माती घालून घालून उंच केला. मग चिंचेजवळ ठेवलेला डबा सरसर मागं आला, पायथ्याशी येऊन थांबला.

अंजना म्हणाली, "काका, हे तं खोटं झालं. चढ एवढा नाई."

"चढ दुप्पट केला तं सपाटबी दुप्पट करून पाह्य."

तिनं डबा मोरीच्या पुढं, चिंचेपासून एकशेचाळिसाव्या काडीवर ठेवला. तिथं तो जसा ठेवला तसा राहिला. अंजना विचार करत बसली, आणि मग हसायला लागली. सपाट दुप्पट केलं तरी सपाटच.

साहेब आले ते एका मंगळवारी सकाळी. दोन ट्रॉलीवाले मागून ढकलत होते, वर छत्री. दौलतसिंगानं माठातलं पाणी दिलं. आम्ही बायका खोलीच्या मागं डोक्यावर पदर घेऊन उभ्या. मी, वच्छला, रंगूबाई, आणि माझ्यापुढं अंजना. बापे समोर. साहेबांची नजर लिंबाखाली गेली.

"हे काय आहे?" साहेबांची मराठी पुस्तकातली.

दौलतसिंगानं देवमनला कोपरानं ढोसलं. देवमन पुढं गेला. मी मनात म्हटलं, आता हा 'चार मैल' म्हणतो.

पण तो उकिडवा बसला. डबा उचलला, चिंचेजवळ ठेवला, हात काढला. डबा सरसर मागं. पुन्हा उचलला, मोरीच्या पुढं ठेवला, हात काढला. डबा उभा.

साहेब वाकले. मग उकिडवे बसले. त्यांच्या पॅन्टीला माती लागली. त्यांनी मैलाचा खडू पाहिला, मोरी पाहिली. म्हणाले, "ही आपलीच लाईन आहे! चढाच्या पायथ्यापासून तीनशेच्या पुढे एक स्लीपर वाकडा आहे, मी मागच्या वेळी नोंद केली होती."

"तीनशेसातवा," देवमन म्हणाला. जीभ पोटातून वर आली होती. "पण साहेब, चढ म्या दुप्पट केला. डबा हालत नोता. खोटं सांगत नाई."

साहेब हसले. त्यांनी स्वतः डबा घेऊन एकशेचाळिसाव्या काडीच्या आसपास चार ठिकाणी ठेवून पाहिला, पट्टी काढून काही मोजलं. "तीन डब्यांपुरती जागा आहे. इथे गाडी थांबू शकेल, हे खरं." आम्ही बायका हसून एकमेकींकडे पाहू लागलो. तेवढ्यात ते म्हणाले, "पण थांबा कोणासाठी? गाव कुठे आहे यात?"

देवमननं लाईनकडे पाहिलं. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. गिट्टीच्या काठापलीकडं झाडून काढलेली मोकळी जमीन होती. सहाशे बावीस सिलपाट मोजून लावणारा माणूस गाव लावायचं विसरला होता!

आणि आम्हीसुद्धा वीस दिवस येत-जात होतो, आमच्याही ध्यानात आलं नाही. सगळे डब्याकडेच पाहत होतो.

"जागा मोरीच्या पलीकडे आहे, म्हणजे नाल्याच्या पलीकडे," साहेब म्हणाले. "गाव अलीकडे. माणसं येणार कशी? मोरीवरून, रुळावरून मी कोणाला चालू देणार नाही. लहान मुलं असतील, बायका असतील. नाला कुठून ओलांडता?"

देवमनला माहीत नव्हतं. तो जन्मभर मोरीवरूनच पलीकडं गेलेला. "साहेब, मी तं लाईनच पाह्यतो," एवढंच म्हणाला, आणि त्याची मान जी खाली गेली ती मला बघवेना. मारोतराव काहीतरी 'होईल, करू' म्हणायला लागले. साहेबांनी उठून पॅन्टीची माती झटकली. अंजनानं माझं बोट इतकं घट्ट धरलं की अंगठी रुतली.

मग माझ्याच तोंडून निघालं, "गाव हाय साहेब. थांबा जराक."

एवढ्या बाप्यांत मी बोलले. अंजनाच्या वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. पण आता बोललेच होते, तर मागं कशी फिरू? खोलीच्या भिंतीला गोवऱ्या रचलेल्या होत्या. एक उचलली, मोडली, तुकडे पदरात घेतले आणि लाईनच्या बाजूला बसले. आधी आमची वस्ती ठेवली, नाल्याच्या अंगाला, अकरा घरं. मग त्याच्यामागं गाव ठेवलं. जन्मात पहिल्यांदा आमची वस्ती गावाच्या आधी आली. मारोतराव बघत होते. म्हणाले, "माहा वाडा मोठा ठेवजा हो बाई." मी जरा मोठा तुकडा ठेवला. एवढं काय त्यात.

वच्छलेनं तांब्या घेतला आणि फुटक्या मडक्याच्या मोरीखालून पाणी सोडलं. नाला आपला आपण वाहत गेला, जसा खरा जातो तसाच, गावाच्या कुशीनं.

"आता वाट," साहेब म्हणाले. ते पुन्हा बसले होते.

रंगूबाई पुढं आली. खोलीमागच्या चुलीतली राख तिनं मुठीत आणली होती. "आमी कापूस वेचाले पलीकडच्या वावरात रोज जातो ना," म्हणत तिनं राखेची रेघ ओढली. वस्तीपासून निघाली, वळसा घेत खाली उतरून पांढऱ्या खडकावरून नाल्यापार, आणि वर चढून थेट एकशेचाळिसाव्या काडीपाशी. "हे पाहा. बारा मइने आमी ह्याच वाटेनं जातो. बाप्यायले ठाऊक नाई, थे कापूस वेचत नाई."

"पावसाळ्यात पाणी किती असतं?"

रंगूबाईनं आपल्या गुडघ्याला हात लावला. "मोठा पाऊस झाला तं इथलोक. दोन घंट्यात उतरते. मधात चार मोठे दगड टाकले तं पाय बी वला होत नाई."

"दगड कोण टाकणार?"

"आमी," रंगूबाई म्हणाली. मग मागं वळून बाप्यांना, "काहो, टाकसान ना? का थेबी बायाच टाकतीन?"

साहेब मोठ्यानं हसले. नंतर म्हणाले, "हे सगळं मला कागदावर पाहिजे. माती तर मी नेऊ शकत नाही."

अंजना माझ्यामागून पुढं गेली. दप्तरातली वही तिनं सकाळीच आणली होती, कशाला ते तिलाच ठाऊक. तिथंच मांडी घालून तिनं काढलं. लाईन, चिंच, मोरी, अकरा घरं, गाव, नाला, पांढरा खडक. एकशेचाळीस आकडा लिहिला. थांब्याच्या जागी एक बारकी मुलगी काढली, दोन वेण्यांची.

"ही कोण?" साहेबांनी विचारलं.

"प्यासिंजर," अंजना म्हणाली.

साहेबांनी पान घडी करून फायलीत ठेवलं. "मी लिहून पाठवतो. देणं न देणं वरच्यांच्या हातात आहे," असं म्हणून ट्रॉलीवर बसले. जाताना देवमनला म्हणाले, "नाव काय तुमचं?"

"देवमन," तो म्हणाला. तेवढं बरोबर सांगितलं.

त्या दिवशी घरी जाताना अंजनाचे वडील पुढं पुढं चालत होते. दारात आल्यावर म्हणाले, "नाव टाकून देऊ शाळेत. डवरे लागतपर्यंत मी नेतो ठेसनावर. तवरिक थांबा आला तं आला."

"आन् नाई आला तं?"

"मंग पाहू." पण धनजच्या मामाचं नाव त्यांनी घेतलं नाही, हे मी ध्यानात ठेवलं.

मग रोज पहाटे बापलेक दोन कोस जात. इकडं गावानं उत्तराची वाट न पाहता नाल्यात दगड टाकले. चारच्या जागी सात टाकले, कारण मारोतराव म्हणाले, माझा पाय आखूड पडतो. त्यांना कुठं शाळेत जायचं होतं! पण दगड बसवायला ते स्वतः गुडघाभर पाण्यात उभे होते, हेही सांगितलं पाहिजे. बायकांनी वाट झाडली, बोरीचे काटे तोडले. देवमन ड्यूटीवरून येताना आता मोरीवरून येईना, त्या वाटेनं येऊ लागला. म्हणाला, "वैनी, हे वाट लय सोपी हाय. काहून कोणी सांगतलं नाई मले?"

"तुमी इचारलं कधी?"

पेरणी झाली, पीक वीतभर वर आलं. तासांतून डवरे, म्हणजे कोळपे, चालवायची वेळ आली. अंजनाचे वडील एक दिवस टाळत, दुसरा टाळत. शेजारच्यांची डवरणी सुरू झाली आणि आमच्या वावरात गवत. शनिवारी ते म्हणाले, "सोमवारपासून मले जमत नाई, भागिरथा." अंजनानं ऐकलं. दप्तर खुंटीला टांगलं आणि विळ्याला धार लावत बसली, निंदायला जायचं म्हणून.

रविवारी दौलतसिंग आला. लांबूनच ओरडत आला. सहा महिन्यांसाठी थांबा मंजूर झाला होता, गर्दी पाहून पुढचं ठरवू म्हणून. देवमननं कागद हातात घेतला, त्याला वाचता येत नव्हतं तरी वरपासून खालपर्यंत पाहिला, आणि अंजनापुढं धरला. तिनं विळा खाली ठेवून वाचला. या खेपेला घडी नाही घातली.

ते सहा महिने कसे निघाले, गर्दी दाखवायला आम्ही बायका काम नसताना कारंज्याला कशा जाऊन आलो, तो वेगळाच तमाशा. थांबा राहिला, आणि अंजना पुढं मास्तरीण झाली. पण मला सांगायचं आहे ते पहिल्या दिवसाचं.

सोमवारी सकाळी अख्खं गाव सात दगडांवरून पलीकडं गेलं. रामकिसननं पत्र्याची पाटी करून खांबाला ठोकली होती, 'चिंचखेड', 'खे'ची मात्रा जरा तिरपी. गाडी चढ चढत आली, चिंचेला धापा टाकल्या, मोरी ओलांडली आणि पाटीपाशी येऊन थांबली. गार्डानं उतरून झेंडी दाखवली. अंजना चढली. चालत्या गाडीवर नाही, उभ्या गाडीवर, पायरीवर नीट पाय ठेवून. मी आणि रंगूबाई रडत होतो. अंजनाचे वडील दुसरीकडं पाहत होते.

देवमन कुठं? तो इंजिनाच्या मागच्या डब्याखाली वाकून चाक पाहत बसला होता. चाकाच्या मागं त्यानं रुळावर एक काडी ठेवली होती, पऱ्हाटीची. गाडी बोटभर जरी मागं आली तर काडी मोडली असती.

"नाई मोडली," तो म्हणाला. "पाहा वैनी. नाई मोडली."

"भाऊजी," मी म्हटलं, "ते राहू द्या. वर पाहा एकदा. पोट्टी हात हालवून राह्यली तुमाले."

त्यानं मान वर केली. बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिला. शिट्टी झाली, गाडी मागं न घसरता, एका झटक्यात, पुढं निघाली. ती वळणाआड गेल्यावर तो म्हणाला, "वैनी, अंजीचं नाक तुमच्यावर गेलं. म्या पाह्यलंच नोतं."

तेरा वर्षं पोरगी त्याच्या शेजारी बसून जेवत होती.

वच्छला बाजूलाच उभी होती. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आन् माहं?"

त्यानं तिच्याकडंही पाहिलं. नीट, सावकाश, जसा सिलपाट पाहतो तसा. "बरं हाय," म्हणाला. मग काडी उचलून खिशात ठेवली, हातोडा खांद्यावर घेतला आणि निघाला. तीन मैल अजून राहिले होते.